पहिल्या संध्याकाळची पिशवी

"पलंगाचे स्क्रू त्याच पलंगाच्या पायाला बांध," थोरली म्हणाली. "वेगळ्या डबीत ठेवलेस की गेले. डबी सापडते तेव्हा पलंग भंगारात गेलेला असतो."

धाकटी खळखळून हसली आणि तिने स्क्रूची पुरचुंडी पायाला घट्ट बांधली. तिच्या खोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती, इतकी खोकी. दुपारी टेंपो येणार होता. सामान टेंपोने उद्या सकाळी पोहोचणार आणि माणसं बसने आज संध्याकाळीच. धाकटीच्या नवऱ्याला, म्हणजे थोरलीच्या दिराला, मोठ्या शहरात नोकरी लागली होती.

"आणि आजारपणाचे कागद, शाळेचे दाखले टेंपोत टाकू नकोस. ते मांडीवर घेऊन बस. दुसरं घर बघायची वेळ आली तर दुपारी जाऊ नका. पाणी यायच्या वेळेला जा आणि नळ सोडून बघा. घरमालक गोड बोलतो, नळ खोटं बोलत नाही."

"ताई, तुम्हाला किती माहिती हो! न जाता!"

न जाता. धाकटी सरळ मनाने बोलली होती, म्हणूनच ते जास्त लागलं. थोरलीने चिकटपट्टी दाताने तोडली आणि खोक्यावर अशी दाबली की खोकं चेपलं.

त्याच शहरात बदलीचा हुकूम पूर्वी थोरल्याला, तिच्या नवऱ्याला, आला होता. तेव्हा तिचं लग्न नवं होतं. त्या शहरात राहून आलेल्या प्रत्येक बाईला गाठून तिने खोदून खोदून विचारलं होतं. बाजार कुठे, बस कुठून, डॉक्टर कोणता. पहिल्या संध्याकाळी हाताशी असावी म्हणून एक पिशवीसुद्धा भरली होती: काडेपेटी, मेणबत्ती, दोरी, साबण, पेचकस आणि कोरा बल्ब. मग सासऱ्यांचं अर्धं अंग लुळं पडलं. धाकटा तेव्हा शिकत होता. थोरल्याने बदली रद्द करून घेतली आणि थोरली कपडे अल्टर करायच्या दुकानात लागली. तेव्हापासून ती लोकांच्या पँटी आखूड करत होती.

पिशवी माळ्यावर गेली. गरजेला एकेक वस्तू खाली आली. दोरीवर सासऱ्यांची धोतरं वाळू लागली, साबण झिजला, पेचकस हरवला. राहिला तो बल्ब, ब्लाउजपिसात गुंडाळलेला.

सासरे अजून बाहेरच्या खोलीत कॉटवर होते. या वेळी मात्र "बाबांचं कोण बघणार?" हा प्रश्न घरात कोणी काढलाच नाही. उत्तर चुलीपाशी उभंच होतं, मग प्रश्न कशाला हवा! जळफळाट झाला तो याचा. शहराचा कमी, याचा जास्त.

"ताई, हा बल्ब आम्ही आणलेला. नेऊ का?" धाकटी स्टुलावर उभी होती.

"ने ना. आपलं म्हणून जे असेल ते सगळं ने. मागे काही ठेवू नकोस."

धाकटीला टोमणा कळला नाही. तिने बल्ब काढून साड्यांच्या घडीत गुंडाळला आणि साड्यांच्या खोक्यात ठेवला. खोकं टेंपोत जाणार होतं.

थोरलीच्या ओठावर आलं होतं. त्या शहरात घर सोडणारे भाडेकरू बल्बसुद्धा काढून नेतात. नव्या माणसाला कुलूप उघडलं की आत अंधार. बल्ब हातातल्या पिशवीत ठेव, एवढंच तर सांगायचं होतं.

तेवढ्यात दीर दारात आला. "वहिनी, तुम्ही पण या हं तिकडे. बाबांना जरा बरं वाटलं की निघाच."

थोरलीने दिराकडे पाहिलं, बाहेरच्या कॉटकडे पाहिलं.

"ताई, अजून काही राहिलं का सांगायचं?"

"नाही गं. सगळं झालं."

टेंपो गेला. बस गेली. थोरल्याची दुसरी पाळी होती, त्यामुळे संध्याकाळी घरात ती आणि सासरे दोघंच. त्यांना भरवताना तिच्या डोळ्यांसमोर धाकटी अंधारात भिंत चाचपत होती, नव्या खोलीत दारावर डोकं आपटून घेत होती. खोटं कशाला बोला, थोरलीला बरं वाटलं. चांगलं बरं वाटलं. एक संध्याकाळ तरी तिची वाईट जाऊ दे.

फोन वाजला तशी ती दचकली. चोराच्या मनात चांदणं.

"ताई! अहो, दार उघडलं तर आत काळोख! मेल्यांनी बल्बसुद्धा ठेवला नाही!"

"अगंबाई. मग?"

"मग काय, आमचे हे दुकान शोधायला निघाले तर समोरच्या काकू स्वतःच बल्ब घेऊन आल्या! आम्हाला बसवलं, जेवायला घातलं. त्यांची सून माझ्याच वयाची आहे. उद्या मला बाजार दाखवणार आहे. ताई, खरं सांगू? बल्ब असता ना, तर आम्ही दार लावून बसलो असतो. कुत्र्यानंसुद्धा विचारलं नसतं आम्हाला!"

मागे कोणीतरी मोठ्याने हसत होतं. भांड्यांचा आवाज येत होता.

"इथले भाडेकरू बल्बसुद्धा नेतात, हे मात्र तुम्हाला माहीत नव्हतं हं, ताई! लक्षात ठेवा. तुम्ही याल तेव्हा बल्ब हातात घेऊन या."

"ठेवते लक्षात," थोरली म्हणाली.

तिने फोन ठेवला. वाईट चिंतलं तर त्याचंही त्या पोरीने सोनं केलं. आणि आपण इथे चांगलं वागून वागून काय मिळवलं? ओरडावंसं वाटलं तिला. पण सासऱ्यांचा नुकताच डोळा लागला होता.

धाकटीची खोली झाडायची राहिली होती. तिने सवयीने बटण दाबलं. उजेड पडला नाही. मग तिला आठवलं. ती स्टूल घेऊन माळ्याशी गेली, पिशवी काढली, ब्लाउजपिसाची गाठ सोडली. लागेल की नाही, कोण जाणे. तिने बल्ब फुंकून पुसला आणि बसवला.

लागला. जुन्या तऱ्हेचा, पिवळा उजेड. रिकाम्या भिंती, खिळे, पलंगाच्या पायांचे फरशीवरचे डाग. केरसुणी भिंतीला टेकवून थोरली मधोमध जमिनीवर बसली. नव्या घरातली पहिली संध्याकाळ असावी तसं, कोणत्या भिंतीला कपाट, खिडकीला कुठला पडदा, ते एकेक मनात लावू लागली.

बाहेरून सासऱ्यांचा जडावलेला आवाज आला. "कोण आलं गं?"

"कोणी नाही बाबा. मीच आहे."

"मग दिवा कशाला लावलाय त्या खोलीत?"

ती मनातल्या पडद्याचा रंग ठरवत राहिली. उठून तिने दिवा बंद केला नाही.