नऊ दिवसांच्या नोंदी

आईने दार उघडलं आणि संपादकांच्या खिशातला फोन थरथरला. ‘मुख्य दार उघडले.’ आई समोर उभी असतानाही त्यांनी फोन काढून तो संदेश वाचला, वेळ पाहिली आणि समाधानाने मान हलवली.

“बघ, दीड सेकंदात आला.”

“आणि तू पाच महिन्यांनी,” आई म्हणाली. “आत ये.”

ते आत आले, पण खुर्चीच्या कडेवरच टेकले. इंटरनेट ऑफ थिंग्जवरच्या, म्हणजे घरातल्या वस्तू इंटरनेटला जोडण्याच्या संशोधनाला वाहिलेलं विद्यापीठाचं पहिलं जर्नल परवा प्रकाशित होणार होतं आणि त्यावर ‘संस्थापक संपादक’ म्हणून त्यांचं नाव लागणार होतं. उभा जन्म दुसऱ्यांच्या जर्नलांपुढे ताटकळण्यात गेला होता. बारा जणांनी लेख द्यायचं कबूल केलं होतं, पैकी आठांनी ऐन वेळी हात वर केले. उरलेल्या चौघांच्या लेखांत मुख्य म्हणावा असा एकही नव्हता, म्हणून मुख्य लेख खुद्द संपादकांचा. एकट्या राहणाऱ्या वृद्धांवर दार, शेगडी आणि पलंगाला बसवलेल्या सेन्सरच्या मदतीने डोळ्यांत तेल घालून लक्ष कसं ठेवता येतं, याचा वर्षभराचा अभ्यास. वृद्ध म्हणजे आई. लेखात तिचं नाव ‘घर क्रमांक एक’ असं होतं. घर क्रमांक दोन नव्हतंच.

घोडं अडलं होतं परीक्षकापाशी. लेख तपासणाऱ्याला लेखकाचं नाव कळू द्यायचं नाही असा नियम, त्यामुळे त्या अनोळखी माणसाने कुणाचीही भीड न ठेवता विचारलं होतं : नऊ दिवस शेगडी पेटल्याची नोंद नाही. ते दिवस ‘सदोष’ म्हणून वगळले, त्याला आधार काय? घरात राहणाऱ्या व्यक्तीचं लेखी निवेदन जोडा, मगच लेख पुढे जाईल.

संपादकांनी निवेदन टाइप करूनच आणलं होतं. शेगडीवरच्या सेन्सरची बॅटरी उतरली होती, त्या काळात स्वयंपाक नेहमीप्रमाणे होत होता, खाली सही. आईने चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

“बॅटरी उतरली होती, हे तुला कोणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? नऊ दिवस नोंद नव्हती. दहाव्या दिवशी माणूस पाठवला, त्याने बॅटरी बदलली आणि पाच मिनिटांत नोंद सुरू झाली. सरळ आहे.”

“त्याला चहा केला मी.”

“काय?”

“उन्हातून आला होता बिचारा. म्हणून शेगडी पेटवली. तेवढ्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी दारात आलं होतं.”

संपादकांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

“आणि त्याआधी?”

“त्याआधी पेटवलीच नाही. पाव, केळी, दूध. काही मेले नाही मी.” आईने चष्मा काढला. तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर म्हणून काढलेली बाई, आवाज अजून तसाच खणखणीत होता. “लाइन जिवंत आहे का बघायचं, तर आम्ही रिंग देऊन गप्प थांबायचो. पलीकडे कोणी उचलतं का ते बघायचो. तू म्हणाला होतास ना, दोन दिवस शेगडी पेटली नाही तर मला लगेच कळेल? म्हटलं, बघू या. तिसऱ्या दिवशी वाटलं, येशील. पाचव्या दिवशी वाटलं, निदान फोन करशील.”

त्यांना लाज वाटली. खरोखरच वाटली. पडद्यावर लाल खूण तिसऱ्याच दिवशी उमटली होती, आणि आईला फोन लावण्याऐवजी त्यांनी सहायक संपादिकेला दुरुस्तीवाल्याची वेळ घ्यायला सांगितलं होतं. दुरुस्तीवाल्याला आठवडाभर सवड नव्हती. आता छापखान्यात पाचच्या आत पानं पोचवायची होती आणि साडेतीन वाजून गेले होते.

“आई, हे आत्ता लेखात घातलं तर सगळे आकडे पुन्हा काढावे लागतील. परवाचं प्रकाशन गेलंच म्हणून समज.”

“यंत्राने सांगितलं, बघणाऱ्याने बघितलं नाही. एवढंच लिहायचं आहे.”

त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली, आणि ती जाताना आईने पाहिली. तिने टेबलावरचं पेन उचललं.

“कुठे करू सही?”

त्यांनी बोट ठेवून जागा दाखवली.

परीक्षकाने ‘खुलासा समाधानकारक’ असा शेरा दिला आणि अंक ठरल्या दिवशी निघाला. आईला पहिल्या रांगेत बसवलं होतं. संपादक व्यासपीठावरून म्हणाले, “घर क्रमांक एकमध्ये वर्षभरात असा एकही दिवस गेला नाही, की कोणाचं लक्ष नव्हतं.” टाळ्या पडल्या. आईनेही दोन वाजवल्या.

“नशीबवान आहात,” शेजारचे गृहस्थ म्हणाले.

“आहे खरी,” आई म्हणाली, आणि चहापानाला न थांबता गाडीने घरी निघाली.

सभागृहात अजून गर्दी होती, तेव्हा फोन थरथरला. ‘मुख्य दार उघडले.’ संपादकांनी हसून तो सहायक संपादिकेला दाखवला. फोन पुन्हा थरथरला. ‘मुख्य दार : संपर्क नाही.’ मिनिटभराने, ‘शेगडी : संपर्क नाही.’ आणखी मिनिटभराने, ‘पलंग : संपर्क नाही.’

“सर, तिन्ही बंद?” ती म्हणाली. “असं कसं होईल?”

कसं होतं ते त्यांना दिसत होतं. आधी दार, मग स्वयंपाकघर, मग झोपायची खोली. बाहेरून आलेलं माणूस घरात चालतं त्याच क्रमाने. त्यांनी आईचा नंबर काढला आणि अंगठा त्यावर धरून ते उभे राहिले. तेवढ्यात फोटोसाठी हाका सुरू झाल्या. सगळे ओळीने उभे होते, मधली जागा तेवढी रिकामी होती.

“बॅटरी असेल,” फोन खिशात टाकत ते म्हणाले. “उद्या माणूस पाठवा.”