सत्तार सर इथे खोकतील

बायको, आशाबाई, गेल्याचं कळलं तेव्हा जानराव चांदूर बाजारला एका विहिरीवर पंप उघडून बसले होते. फोन ऐकला, पंप जोडला, पाणी चालू झालेलं पाहिलं आणि मगच ते अमरावतीला निघाले. अर्धवट सोडलेलं काम बाईंना खपत नसे.

बाई कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायच्या. त्यांचा शेवटचा निबंध अकोल्याच्या चर्चासत्रात वाचायचा राहिला होता. महिन्याभराने तो वाचायला जानराव स्वतः गेले. कोर्टाने जपलेला नागरिकाचा हक्क विधिमंडळाला बाजूला सारता यावा का, हा विषय. बाईंचं म्हणणं, यावा, पण मुदतीपुरता. मुदत संपली की पुन्हा मत घ्या. पहिल्या रांगेत अब्दुल सत्तार सर बसले होते. वीस वर्षं ते प्रत्येक चर्चासत्रात बाईंना विरोध करत होते आणि दर ईदला शिरखुर्म्याचा डबा पाठवत होते.

कागदावर आहे ते सगळं वाचायचं, एवढंच जानरावांना ठाऊक. बाईंनी समासात पेन्सिलीने स्वतःसाठी लिहिलेलंही त्यांनी त्याच सुरात वाचलं.

"म्हणून मुदत हीच हक्काची राखण आहे. सत्तार सर इथे खोकतील. थांबावे."

जानराव थांबले. सर खोकले. मागच्या रांगेत कोणी तरी फिसकन हसलं.

"आता ते चष्मा पुसतील. पाणी प्यावे."

सरांचा चष्म्याकडे निघालेला हात हवेतच राहिला. जानराव पाणी प्यायले. सगळं सभागृह पोट धरून हसत होतं, सर सगळ्यांत जास्त.

"जानरावभाऊ, बाई अजूनही मले बोलू देऊन नाही राहिल्या," सर डोळे पुसत उठले. "एकच सवाल. मुदत संपली का बहुमत पुन्हा हात वर करणार. मग हक्क वापस कधी मिळते?"

जानरावांनी पान उलटलं. शेवटच्या पानावर एकच ओळ होती. "सर हे विचारतील. उत्तर ह्यांच्या चहावरून देणे."

"ह्यांच्या म्हणजे माह्या," जानराव म्हणाले. "आमच्या फ्रीजवर घरच्या कलमांचा कागद लावेल आहे. पहिलं कलम, ज्याचा चहा त्याच्या मर्जीनं. मले शुगर निघाली तं बाई, पोरगा अंकुर आन् सून आचल, तिघांनी ठराव केला. साखर एक वर्ष बंद. दर पाडव्याले पुन्हा मत. मी दरसाल भाषण ठोको आन् तीनास एक हारो. मागच्या सालच्या पाडव्याले आचल फुटली. दोनास दोन."

"मग ठराव पडला."

"अध्यक्षाचं जास्तीचं मत असते. अध्यक्ष बाईच."

हसण्याने पंख्याचा आवाजही ऐकू येईना.

चहाच्या वेळी सरांनी साखरेची वाटी पुढे सरकवली. "यंदाचा पाडवा होऊन गेला. मुदत संपली, तुमी मोकळे."

"मत घ्या लागते, सर," जानराव म्हणाले आणि बिनसाखरेचा प्यायले.

ते मत अजून घेतलेलं नाही; घेतलं तर आता जानराव दोनास एक जिंकतील. सरांच्या सवालाला उत्तर देणारं निबंधाचं शेवटचं पानही अजून लिहायचं आहे.