धोंडप्पामामांचा अणू

“काढा तो गोळा! फेकून द्या!” मी ओरडलो आणि रंगाचा ब्रश धरलेला धोंडप्पामामांचा हात तसाच थांबला.

तेव्हा मी चोवीस वर्षांचा, बी.एस्सी. बी.एड., त्यात नांदेड शहरातून आलेला. अंगात मस्ती यायला आणखी काय लागतं? लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि नव्या जिल्ह्याचं पहिलं विज्ञान प्रदर्शन आठ दिवसांवर आलं होतं. उदगीरकडच्या आमच्या हायस्कुलात मामा प्रयोगशाळेचे शिपाई. शिक्षण चौथी, निवृत्ती मार्चमध्ये. त्यांनी हातानं केलेल्या तीन अणूंवर एकवीस वर्षं पोरं शिकली, पण एकही अणू कधी गावाबाहेर गेला नव्हता. निवृत्तीआधी एकदा ते लातूरला मांडले जावेत, एवढीच त्यांची हौस होती.

पहिला अणू काचेची गोटी, डाल्टनसाहेबांचा, न फुटणारा. दुसरा लाल रंगवलेला वाळका भोपळा, त्यावर कलिंगडाच्या बिया चिकटवलेल्या. तो थॉमसनसाहेबांचा. तिसरा रुदरफोर्डसाहेबांचा. सायकलची जुनी रिंग, तिच्या कडेला इलेक्ट्रॉनचे मणी आणि मधोमध तारेवर लिंबाएवढा लाकडी गोळा. तो केंद्रक.

“एवढं मोठं केंद्रक असतं होय? एकवीस वर्षं चुकीचं दाखवलंत तुम्ही पोरांना!”

मामांचा चेहरा पार उतरला. “मंग केवढं असतंय, सर?”

“केंद्रक ज्वारीच्या दाण्याएवढं धरा. तर अणूची कड दोनशे मीटरवर येते. मधे सगळं रिकामं.”

“सगळं?”

“जवळजवळ सगळं. सोन्याच्या पातळ पत्र्यावर बारीक कणांचा मारा केला, तर बहुतेक आरपार गेले. अगदी थोडे उलटे आले. त्यावरून रुदरफोर्डला कळलं, की गुरूचा अणू चुकला.”

“थॉमसनसाहेब त्याचे गुरुजी व्हते?” मामांनी भोपळ्याकडं बघितलं. “चेल्यानं सांगितलं ते बरंच केलं. पर हळू सांगितलं आसंल.”

माझी मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा दहावीच्या वर्गाच्या दारात उभे. धोतर गुडघ्यापर्यंत मातीनं भरलेलं. “सर, पोरं घिऊन तळ्यावर या.”

दोन वर्षं पाऊस नव्हता. तळ्याला भेगा पडलेल्या. विहिरींवरचे बिनकामाचे दोर जोडून मामांनी दोनशे मीटर मोजले होते आणि पांढऱ्या फक्कीनं मोठा गोल आखला होता. पोरं गोलावर उभी राहिली. मामा चालत चालत मध्यावर गेले आणि खिशातला एक दाणा जमिनीवर ठेवला.

“दिसायलाय का?” ते लांबून ओरडले.

दाणा कुठला दिसतोय! मामाच बोटभर दिसत होते. हा आकडा मी पुस्तकातून किती वेळा घोकला होता, पण डोळ्यांनी आजच पाहिला. बाप रे, केवढं हे रिकामं!

परत येऊन मामा म्हणाले, “हे तळं बघून दोन वर्सं नुसतं रडू यायचं, सर. आज कामाला आलं.”

लातूरला निघताना रिंगेतला गोळा त्यांनी स्वतःच काढून ठेवला. प्रदर्शनात धुतलेलं धोतर नेसून, पांढरी टोपी घालून ते तीन अणूंमागं उभे राहिले. परीक्षक आले, रिंगेत बोट घालून म्हणाले, “हे अर्धवट काय आणलंय? केंद्रक कुठंय?”

“गावच्या तळ्यात ठिवलंय, साहेब. हितं जागा पुरत न्हाई.”

सगळे खो खो हसले. मामांनी टोपी काढून हातात घेतली.

मी पुढं झालो. “साहेब, चुकताय तुम्ही,” मी म्हणालो, अगदी हळू. “मामांचं बरोबर आहे. मी स्वतः त्या तळ्यात उभा राहून आलोय.”

परीक्षकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ते पुढच्या टेबलाकडं वळले. बक्षीस कसलं मिळतंय? पण मामांनी टोपी पुन्हा डोक्यावर नीट बसवली.

परतीच्या एसटीत गर्दी होती. मामांच्या मांडीवरची रिंग बघून कंडक्टर म्हणाला, “वर टाका की ती! रिकामीच तर हाय.”

“रिकामी न्हाई, बाबा,” मामा म्हणाले आणि उदगीर येईपर्यंत त्यांनी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली.