कपाटाखालची वायर

तिसऱ्या बाटलीलाही संगणकानं ०.८४ दाखवलं, तेव्हा रुद्राणीनं पहिल्यांदा मीटरच्या पडद्याकडं वाकून बघितलं. तिथं २.९ होतं.

पाणी तपासणीच्या त्या प्रयोगशाळेत ती चार वर्षं कंत्राटावर होती. गावोगावच्या बोअरच्या पाण्यात दात-हाडं खराब करणारं फ्लोराइड किती, हे मीटर मोजायचं. आकडा वायरमधून संगणकात जायचा, संगणक प्रमाणपत्र काढायचा, खाली रुद्राणीची सही. मीटरचा पडदा एवढासा आणि धुरकट, त्याच्याकडं कुणी बघत नसे.

प्रमुख महांतेश सरांनी कंपनीच्या माणसाला फोन लावला. "बंद करून चालू करा," एवढंच तो म्हणाला. केलं. परत ०.८४.

मग तिनं स्वतःच सुरुवात केली. मीटर आणि संगणक एकाच वेगानं बोलतायत का, ते तपासलं. बरोबर होतं. मीटरकडचं वायरीचं टोक काढून केसातल्या पिनेनं त्यातल्या दोन पिना जोडल्या आणि संगणकावर 'क' टाइप केला. वायर धड असती तर तो 'क' परत यायला हवा होता. आला नाही. हीच पिन संगणकाच्या मागं थेट लावली, तेव्हा लगेच आला.

म्हणजे संगणक चांगला, वायर गेलेली.

टेबलामागं हात घालून ती वायर चाचपत गेली. फेब्रुवारीत लोखंडी कपाट सरकवलं होतं, त्याचा पाय वायरीवर बसला होता. आतली तार कधी जुळत होती, कधी सुटत होती. नवी वायर लावताच संगणकावर २.९ आलं. रुद्राणीला क्षणभर बरं वाटलं.

क्षणभरच. तार सुटली की संगणक चूक दाखवत नव्हता, आधीच्या पाण्याचा आकडाच पुढच्या नावावर टाकत होता. तिनं फेब्रुवारीपासूनच्या नोंदी काढल्या. लगेच आधीच्या नोंदीशी दुसऱ्या दशांशापर्यंत जुळणारे आकडे मोजले. एकेचाळीस गावं निघाली. बाटल्या तर केव्हाच धुऊन ठेवल्या होत्या.

"वायर बदललीस ना? मग मिटलं," महांतेश सर म्हणाले.

"सर, एकेचाळीस प्रमाणपत्रं गेलीत. परत पाणी मागवावं लागंल."

"त्यातली चुकीची किती, सांगू शकतेस?"

"नाही. म्हणून तर मागवायचं."

"आणि वर काय लिहू? तीन महिने आम्ही डोळे झाकून बसलो होतो?" ते थांबले. "सही कुणाची आहे त्यांच्यावर?"

सही तिचीच होती.

रविवारी ती रिकामी बाटली घेऊन नांदूरघाटच्या बसमध्ये बसली. यादीतली एक वस्ती तिच्या लक्षात होती, कारण तिथली मनकर्णा नावाची बाई मार्चमध्ये स्वतः पाणी घेऊन आली होती. वस्तीवर पोचली तर हापशाच्या ओट्यावर निळ्या रंगात लिहिलेलं: पाणी पिण्यास योग्य.

मनकर्णा भिंतीला धरून बाहेर आली. तिचे गुडघे वळत नव्हते. रुद्राणीनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

"म्हंजे तवा तुमी आमचं पाणी मोजलंच न्हाई?"

"मोजलं होतं, मावशी. पण कागदावर दुसऱ्याच पाण्याचा आकडा आला असंल."

"आमी बोंबलून सांगितलं, पाणी खराब हाय. ग्रामसेवक म्हनला, कागद आलाय, टँकर बंद." मनकर्णानं तिच्याकडं नीट बघितलं. "लेकराचे दात बघा जाऊन. तुमच्या कागदानं आमाला खोटं पाडलं, बाई."

रुद्राणी माफी मागायला लागली, तर म्हातारी म्हणाली, "बाटली भरा अन् जावा. पाच वाजता शेवटची गाडी हाय."

सोमवारी आकडा आला, ३.४. दीडच्या वरचं पाणी प्यायचं नसतं. रुद्राणीनं सगळी हकिकत लिहिली, एकेचाळीस नावं जोडली आणि महांतेश सरांना न विचारता वर पाठवली.

पंधरा दिवसांनी दोन पत्रं आली. एकात त्या वस्तीचा टँकर सुरू करायचा आदेश होता. बाकी चाळीस गावांबाबत 'पुरावा नाही' असं लिहिलं होतं. दुसरं रुद्राणीला होतं: उपकरणाची निगा न राखल्याबद्दल कंत्राट वाढवण्यात येणार नाही. कपाटाचा उल्लेख कुठंच नव्हता.

महांतेश सर तिच्याकडं न बघता म्हणाले, "तुला सांगितलं होतं मी."

घरी बसून तिनं यादीतल्या गावांना एकेक फोन लावायला घेतला. शिरूर कासारकडच्या एका ग्रामसेवकानं तिचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मॅडम, तुम्ही आता तिथं नोकरीला आहात का?"

"नाही."

"मग कशापायी फोन करताय? आमचं पाणी योग्य हाय. तुमच्याच सहीचा कागद हाय माझ्याकडं."

त्यानं फोन ठेवला. रुद्राणीनं पुढचा नंबर लावला.