खिळे

दोन वर्षं सुजाता मेश्राम एका भांडणात राबत होती, आणि ते भांडण तिचं नव्हतंच. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या एका छापखानेवाल्यानं दुसऱ्यावर फिर्याद ठोकली होती, की यानं माझं पुस्तक चोरून छापलं. हायकोर्टानं चोरी ओळखली ती चुकांवरून. पहिल्याच्या चुका दुसऱ्यानं जशाच्या तशा उचलल्या होत्या. शहाणपण दोघांना वेगवेगळं सुचू शकतं, पण तीच चूक दोघांना कशी सुचेल, असा साधा विचार.

अमेरिकेत, ॲन आर्बरच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत बसचे धक्के खात तिनं त्या खटल्यातल्या मराठी जबान्या पीएचडीच्या गाइडसाठी इंग्रजीत आणल्या. बदल्यात त्यांच्या लेखावर आपलं नाव हवं होतं, बाकी काही नाही. नागपूरहून बाबा दर रविवारी फोनवर तेवढंच विचारत.

लेख नियतकालिकात छापून आला. नाव नव्हतं, तळटीपेतसुद्धा नाही. सुजाताला रागसुद्धा धड येईना, इतकी ती दमली होती. पानं उलटताना मात्र एका ओळीशी थबकली. फिर्यादी म्हणतो, खिळे जुळवण्यात माझं वर्ष गेलं. छापखान्यात खिळे म्हणजे शिशाची अक्षरं. इंग्रजी लेखात मात्र तो बिचारा वर्षभर भिंतीत ठोकायचे खिळे गोळा करत बसला होता. ही चूक तिच्याच पहिल्या मसुद्यातली. ध्यानात येताच तिनं सुधारलेली प्रत पाठवली होती. गाइडनी ती उघडलीच नव्हती.

"यार, प्रूफ तर तुझ्या हातात आहे," तिची रूममेट मैत्री म्हणाली. "सरळ जाऊन सांग, मिस्टेक माझी, म्हणजे ट्रान्सलेशनही माझं."

सुजाता गेली. गाइडनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मान्यही केलं. पुढच्या अंकात दुरुस्ती छापू म्हणाले, तुझ्या नावासकट. इतकं सोपं होतं तर मी आधीच का नाही आले, असं तिला वाटून गेलं.

पुढच्या अंकात चौकट होती. 'खिळे' या शब्दाचा अर्थ लेखात चुकला आहे. अनुवादातील ही चूक सुजाता मेश्राम यांची. बाकीचा सगळा अनुवाद अजून गाइडच्याच नावावर होता. तिनं चौकट दोनदा वाचली आणि अंक मिटून ठेवला. पुन्हा भांडायला जायचं त्राण तिच्यात नव्हतं.

रविवारी फोन आला.

"नाव आलं का गं?"

"आलं, बाबा."

बाबांनी घसा साफ केला. "स्पेलिंग नीट आहे ना?"

"हो," सुजाता म्हणाली. "त्यात एकही चूक नाही."