मी थांबल्यावरचं उडणं

त्या सकाळीही बाबांनी शर्टाच्या बाहीनं माझी काच पुसली. शेजारी त्यांची मुलगी बसली होती.

मित्रांनो, मी मोटर ग्लायडरमधला जुना तासमापक. सगळे मला मीटर म्हणतात. आमचं विमान इंजिनावर वर चढतं, मग इंजिन बंद करून नुसतं पंखांवर तरंगतं. इंजिन किती तास चाललं, एवढंच मी मोजतो. ते थांबलं की माझे आकडेही थांबतात.

मुलगी बाबांकडेच उडायला शिकली. पहिल्या दिवशी तिनं माझे आकडे पाहून उड्डाणाचा वेळ लिहिला. बाबा खो खो हसले.

"अगं, मीटर झोपलं म्हणून काय आपण खाली उतरलो होतो? उडण्याचा वेळ घड्याळावर बघ."

"कामचुकार आहे तुमचं मीटर!"

"प्रामाणिक आहे. कळतं तेवढंच बोलतं. तुझ्या मामासारखं नाही."

पुढे तिला परवाना मिळाला, तरी ती सुट्टीला बाबांच्या शेजारीच बसायची.

त्या सकाळी उंचावर पोचल्यावर बाबांनी इंजिन बंद केलं. काचेबाहेर फक्त वारा.

"अजून एक चक्कर मारू या?" बाबांनी विचारलं. दांड्यावरचा त्यांचा हात कापत होता.

"पुरे, बाबा. मला भूक लागलीय."

"तुझ्या पोटाला उंची सोसत नाही बघ," म्हणत त्यांनी विमान खाली वळवलं.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक रंगाऱ्याला सांगत होता, बाबा रात्री झोपेतच गेले म्हणून. मग आमच्यावर कापड पडलं. माझ्या काचेवर धूळ साचली.

एकदा विमान विकत घ्यायला एक गिऱ्हाईक आलं. मला निरखून म्हणालं, "फारसं उडलेलं दिसत नाही."

"हे इंजिनाचे तास," मुलगी म्हणाली. "उडलंय याच्या कितीतरी पट."

"मग देताय ना?"

"आधी एकदा उडवून बघते. मग सांगते."

मित्रांनो, यंत्रांची काच पुसत जा. पण आम्ही दाखवतो तेवढंच घडलं, असं मानू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटी आली. बाहीनं माझी काच पुसली. उंचावर पोचल्यावर तिनं इंजिन बंद केलं, आणि मी थांबलो. तिनं घड्याळाकडे पाहिलं नाही. बराच वेळ ती तशीच तरंगत राहिली. मग शेजारच्या रिकाम्या सीटकडे वळून मोठ्यानं म्हणाली,

"बाबा, मला भूक नव्हती हो. तुमचा हात कापत होता. मला तर उतरायचंच नव्हतं."