सत्तावीस मीटर वीस

कॉरिडॉरमध्ये दोन नारिंगी शंकू होते, तीन खुर्च्या, ऑक्सिजनचं एक सिलिंडर, जमिनीवर नऊ पिवळ्या रेघा, भिंतीवर ‘३० मीटर’ लिहिलेली एक पाटी आणि गुडघे टेकून बसलेल्या दोन बायका. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती.

“ताई, टेपचं टोक मी धरलंय,” सफाईच्या मावशी पलीकडच्या शंकूपासून ओरडल्या, “पण मला उठवायला कोणाला तरी धरून आणा.”

“हलू नका. टेप सैल पडतेय.”

टेप ताणली गेली. अलीकडच्या शंकूपाशी बसलेल्या बाईंनी आकडा वाचला, वहीत लिहिला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला सांगितलं. मग तिसऱ्यांदा.

“एकदा मोजून भागत नाही का हो?”

“एकदा मोजलं तर माझं मत म्हणतील.”

सत्तावीस एकवीस. सत्तावीस एकोणीस. सत्तावीस वीस. टेप तीस मीटरची होती. शंकू आला तरी दोन मीटर ऐंशी सेंटीमीटर पट्टी बाईंच्या हातातल्या डबीतच राहिली होती.

“म्हणजे पाटी खोटं बोलते,” मावशी भिंतीला धरून उठत म्हणाल्या.

“पाटी जुनीच आहे. रंग झाल्यावर परत ठोकली.”

सहा मिनिटं, एवढीच ती चाचणी. पेशंटने या शंकूपासून त्या शंकूपर्यंत चालत जायचं, वळायचं, परत यायचं. पळायचं नाही. दम लागला तर थांबायचं, घड्याळ मात्र थांबत नाही. शंकू ते शंकू तीस मीटर, ती एक फेरी. मधे दर तीन मीटरवर एक रेघ. सहा मिनिटांत माणूस किती मीटर चालला ते कागदावर लिहायचं आणि खाली सही करायची. फुफ्फुसांचे डॉक्टर आपलं नवं औषध याच कॉरिडॉरमध्ये तपासत, हृदयाचेही इथेच, सांध्यांचेही इथेच. डॉक्टर बदलत, औषधं बदलत. चालवणाऱ्या बाई एकोणीस वर्षं त्याच होत्या. पेशंट त्यांना मीटरबाई म्हणत.

चालणाऱ्याशी काय बोलायचं तेही ठरलेलं होतं. एक मिनिट झालं की “छान चाललंय, पाच मिनिटं राहिली.” दोन झाली की “असंच चालू ठेवा, चार राहिली.” एक शब्द जास्त नाही, कारण कौतुक केलं की माणूस जोरात चालतो आणि मग ते चालणं औषधाचं की कौतुकाचं, हे कळत नाही. पेशंट गप्पा मारत, विनोद करत, मुलांची चौकशी करत. मीटरबाई घड्याळाकडे बघत.

चारेक महिन्यांपूर्वी त्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. पाच आठवडे त्या घरी होत्या. तेवढ्यात कॉरिडॉरच्या टोकाला नव्या मशीनच्या खोलीसाठी काचेची भिंत उभी राहिली, फरशी बदलली, रंग झाला. पेंटरला कोणीतरी सांगितलं, दहा सारखे भाग कर. त्याने केले. इतके सारखे, की दोन भागांत केसाचाही फरक नव्हता. फक्त ज्याचे दहा भाग करायचे ते तीस मीटर उरलं नव्हतं. बाई परत आल्या, रेघा पाहिल्या, पाटी पाहिली आणि कामाला लागल्या. टेप लावली नाही. ही चूक त्यांची होती आणि त्यांनी ती वहीत पहिल्या ओळीत लिहिली.

कळलं ते असं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्या स्वतः सहा मिनिटं चालत. अकरा वर्षांचे आकडे वहीत होते, पाचशे पंचवीसच्या खाली नाही, पाचशे पंचेचाळीसच्या वर नाही. सर्जनने तीन महिने जोरात चालायला मनाई केली होती, त्यामुळे ऑपरेशननंतरचा पहिला आकडा उशिरा आला. पाचशे एक्क्याऐंशी.

पित्त गेलं आणि पंख फुटले, असं म्हणून त्या हसल्या. मग हसायच्या थांबल्या. वय बावन्न, पोटात नुकतेच टाके पडलेले, आणि आकडा आयुष्यातला सगळ्यात मोठा. दुसऱ्या दिवशी त्या दुरुस्ती विभागातून टेप घेऊन आल्या.

फुफ्फुसवाल्या डॉक्टरांनी मीटरबाईंनी मोजमाप लिहून दिलेला कागद वाचला, उलटा केला, मागे काही नाही हे पाहून परत सुलटा केला.

“तुम्हाला हे मोजायला कोणी सांगितलं?”

“कोणी नाही, सर. औषधाआधीच्या सगळ्या चाचण्या जुन्या कॉरिडॉरमध्ये झाल्या. नंतरच्या सगळ्या या आखूड कॉरिडॉरमध्ये. माणूस तेवढाच चालला तरी कागदावर दहा टक्के जास्त दिसतो.”

गणित डॉक्टरांना बाईंचं वाक्य संपायच्या आधीच कळलं होतं. अठ्ठावन्न पेशंट, सरासरी वाढ तेहतीस मीटर. तीसच्या वर गेलं की माणसाला खरोखर फरक पडला असं त्यांच्या शास्त्रात धरतात.

“वळणं पण वाढली ना,” शेवटी ते म्हणाले. “वळताना वेळ जातो. ते यातून वजा होतं.”

“किती वजा होतं?”

“थोडं.”

“थोडं म्हणजे किती मीटर, सर?”

डॉक्टरांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय ते बरेच दमलेले दिसत होते. “बाई, पंधरा दिवसांनी मला हे परिषदेत मांडायचंय. पाच वर्षं घातलीत मी. या आजाराला दुसरं काही नाही हो हातात. लोक गुदमरून जातात माझ्यासमोर. एक औषध मिळालं, आणि तुम्ही टेप घेऊन येता.” त्यांनी चष्मा परत लावला. “आणि त्या कागदांवर सह्या कोणाच्या आहेत? माझ्या नाहीत.”

“माझ्या आहेत. अठ्ठावन्न. म्हणून तर आले.”

“तुमचं कंत्राट एकतीस तारखेला संपतं ना?”

“हो सर. आज दोन. परत चालवायला दिवस आहेत.”

“बघू,” डॉक्टर म्हणाले आणि कागद खणात टाकला.

रविवारी दुपारी जेवताना मीटरबाईंनी घरी सांगितलं. नवरा एका कापड दुकानात बत्तीस वर्षं मीटरने कापड कापत होता.

“झाकली मूठ सव्वा लाखाची,” तो म्हणाला. “गिऱ्हाईक घरी जाऊन कापड मोजत नाही.”

“अहो, तुम्ही कधी बोटभर कमी दिलंत?”

“नाही.”

“मग?”

“म्हणून तर मी अजून नोकर आहे आणि मालकाच्या घरावर दोन मजले चढले.” मग भात कालवत, “अगं, पोरीचं शेवटचं वर्ष आहे, एवढंच म्हणतोय. तू गप्प बसणार नाहीस ते मला माहीत आहे. ऑपरेशनला नेताना सुद्धा स्ट्रेचरची चाकं वाकडी आहेत म्हणून भांडलीस.”

“होतीच वाकडी.”

सोमवारी सकाळी डबा नेहमीपेक्षा जड लागला. “भांडायला भूक लागते,” नवरा चप्पल घालता घालता म्हणाला.

त्या दिवशी हृदयाच्या विभागाचे तीन पेशंट होते. तिन्ही खुर्च्या भरल्या. हृदयाच्या डॉक्टर मॅडम नऊ वाजता आल्या तेव्हा शंकू जमिनीवर नव्हते. ते एकात एक घालून मीटरबाईंच्या हातात होते आणि भिंतीवर पाटीच्या जागी स्क्रूची चार भोकं होती.

“अजून सुरू नाही केलं?”

“नाही मॅडम. कॉरिडॉर बंद आहे.”

“कोणी बंद केला?”

“मी.”

मॅडमना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. “तुम्ही? कोणाच्या परवानगीने?”

“परवानगी नाहीये. आठ दिवस वाट पाहिली. ज्याला मी मोजलेलं पटत नाही त्याने स्वतः मोजावं. पण तोपर्यंत मी इथे कोणाला चालवणार नाही आणि माझ्या सहीशिवाय तुमचा कागद चालत नाही.” त्यांनी टेप पुढे केली. शंकू त्यांनी दुसऱ्या हाताने छातीशी घट्ट धरले. “तुम्ही आकडा वाचा. मी टोक धरते.”

“बाई, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय करताय? तुमची तक्रार केली मी तर?”

“करा. तक्रारीत लांबी लिहा फक्त.”

खुर्च्यांवरचे पेशंट पुढे सरकून बसले होते. इतक्या वर्षांत त्यांना इथे बघायला काही मिळालं नव्हतं. मॅडमनी घड्याळ पाहिलं, पर्स खिडकीत ठेवली आणि वाकल्या.

“मॅडम, जरा डावीकडे ओढा,” एक पेशंट म्हणाला. “पट्टी तिरकी जातेय.”

मॅडमनी डावीकडे ओढली. मग खाली वाकून बराच वेळ बघत राहिल्या.

“सत्तावीस वीस,” त्या म्हणाल्या. उठल्या नाहीत. “माझ्या किती झाल्या या जागेत?”

“तेवीस. सांध्यांच्या अकरा. फुफ्फुसांच्या अठ्ठावन्न.”

“आणि फुफ्फुसवाल्यांना माहीत आहे?”

“गेल्या सोमवारपासून.”

मॅडमनी आपल्या लेटरहेडवर चार ओळी लिहिल्या, खाली सही केली आणि पेन मीटरबाईंकडे दिलं. त्यांनीही केली. कागद संशोधनावर लक्ष ठेवणाऱ्या समितीकडे गेला.

समितीचं पत्र शुक्रवारी दुपारी आलं. निष्कर्ष थांबवावेत, सगळ्या पेशंटना खरं काय ते सांगावं, आणि जे तयार असतील त्यांची चाचणी योग्य लांबीच्या जागेत पुन्हा घ्यावी. त्याच दुपारी कार्यालयाचं दुसरं पत्र आलं. एकतीस तारखेनंतर त्यांच्या सेवेची आवश्यकता नव्हती. मीटरबाईंनी दोन्ही वाचली. पहिल्याची प्रत काढून घेतली, दुसऱ्यावर मिळाल्याची सही केली आणि टेलिफोनजवळ बसून यादीतला पहिला नंबर फिरवला.

संध्याकाळी फुफ्फुसवाले डॉक्टर दारात येऊन उभे राहिले. “किती जण हो म्हणाले?”

“आत्तापर्यंत एकवीस. सगळ्यांना आधी सांगितलं काय झालं ते.”

“मी बोलतो उरलेल्यांशी,” ते म्हणाले. मग खुर्ची ओढून त्यांनी यादीचं दुसरं पान घेतलं.

तळमजल्यावर भांडारघरासमोर एक लांब, सरळ वाट होती. खोकी हलवून ती मोकळी केली. मॅडमनी एक टोक धरलं, बाईंनी दुसरं. तीन वेळा मोजून तीस मीटर.

पहिले आले ते कंडक्टर काका. चौतीस वर्षं शहर बसवर तिकिटं फाडलेली, आता एका वाक्यात दोनदा श्वास घ्यावा लागे. औषधाआधी तीनशे चौदा मीटर, औषधानंतर तीनशे पंचेचाळीस. औषध अजून रोज चालू होतं.

“फोनवर ऐकलं ते मला तोंडावर सांगा,” ते खुर्चीत बसत म्हणाले.

“जागा आखूड होती, काका. तीनशे पंचेचाळीस लिहिलं ते खरं नाही. सही माझी आहे.”

“म्हणजे माझे एकतीस मीटर गेले.”

“बहुतेक.”

“सुनेला सांगितलं होतं मी. अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं होतं. त्याच दिवशी जिना चढून दाखवला, दुसऱ्या मजल्यापर्यंत.” त्यांनी श्वास घेतला. “वर गेल्यावर अर्धा तास तोंडातून शब्द निघाला नाही. ते नाही सांगितलं कोणाला.”

मीटरबाईंनी घड्याळ शून्यावर आणलं.

“तुम्ही गप्प बसला असतात तर कोणाला कळलं असतं?”

“कोणाला नाही.”

“आणि माझ्यासारख्या दुसऱ्या म्हाताऱ्यांना हेच औषध दिलं असतं.”

“हो.”

काकांनी बुटाची नाडी करकचून बांधली. “तुमच्यावर रागावलोय मी, मीटरबाई. हे लिहून ठेवा.”

“लिहिते.”

“आणि आज जीव तोडून चालणार आहे. औषध काम करो नाहीतर न करो.”

“नेहमीसारखं चाला. जीव तोडायचा नाही.”

“ते तुमच्या कागदात आहे. माझ्या कागदात नाही.”

घड्याळ सुरू झालं. काका मान ताठ ठेवून, एक हात वर काहीतरी धरल्यासारखा, चालू लागले. पहिल्या फेऱ्या वेगाने गेल्या. तिसऱ्या मिनिटाला ओठांचा रंग उतरला. चौथ्या मिनिटाला ते भिंतीला हात लावून थांबले आणि खांदे वरखाली होऊ लागले.

“थांबलात तरी चालेल,” बाई म्हणाल्या. “जमलं की पुढे चला.”

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. भिंत सोडली. पुढच्या शंकूला वळसा घातला, परत आले, पुन्हा वळले. आता पावलं लहान होती, पण थांबली नाहीत.

“थांबा.”

ते जिथे होते तिथेच उभे राहिले. बाईंनी त्यांच्या टाचेमागे खडूची रेघ ओढली, मागच्या शंकूपासून टेप लावली, आकडा दोनदा वाचला आणि मॅडमना वाचायला दिला. मग त्यांनी फेऱ्यांच्या खुणा मोजल्या. दहा.

“किती?” काकांनी विचारलं.

दहा फेऱ्या आणि वर अकरा मीटर. तीनशे अकरा.